उपासाला चालणारी वाफ

अप्पा, म्हणजे माझे सासरे, सिगारेट ओढतात हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. पण ओढताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पुण्याच्या घरी जेवण झालं की ते चपला घालून "जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो" म्हणायचे आणि परतल्यावर बडीशेप चघळत बसायचे. सुनेसमोर ओढायची नाही हा त्यांचा नियम होता आणि आपल्याला काही कळत नाही असं दाखवायचं हा माझा. माझा नवरा मात्र रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायचा, "अप्पा, कमी केल्या का?"

"तू ये इकडे. तुझ्यासमोर सोडतो."

ते राहूनच गेलं. साथ येण्याच्या आधीच्या हिवाळ्यात तो इथे हॉलंडमध्ये, रायस्वाइकच्या आमच्या घरात, कामाला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता गेला. हृदय थांबलं, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. सासूबाई त्याच्याही आधी गेल्या होत्या. अप्पा एकटेच आले, मुलाचं सगळं करून मार्चमध्ये परत जायचं म्हणून. मार्चमध्ये विमानं बंद झाली. दोन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं उरलो. ज्याच्यामुळे आमचं नातं होतं तो मधून उठून गेला होता, आणि आता एकमेकांशी काय बोलायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

इथे कोपरा नव्हता. ते खाली कालव्याकाठी जायचे, छत्री घेऊन, वारा असला तरी. परतले की जिन्यात त्यांचा खोकला ऐकू यायचा. त्या दिवसांत खोकला ही फार मोठी गोष्ट होती. एकदा सुपरमार्केटमध्ये ते दह्याच्या फडताळापाशी खोकले आणि आजूबाजूची माणसं इतकी भराभर मागे सरली, की आम्ही दोघंच मध्ये उभे राहिलो. अप्पा हातातला डबा परत ठेवून म्हणाले, "चल, आज ताक नको."

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. इथे आधी आपल्या भागातल्या डॉक्टरकडे जायचं, हाउसआर्ट्स म्हणतात. डॉक्टरबाई शांत होत्या. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मला इंग्रजीत म्हणाल्या, "यांना आता ही साथ परवडणार नाही. सिगारेट थांबलीच पाहिजे." मी ते मराठीत सांगितलं. अप्पांना इंग्रजी चांगलं येत होतं, तरी त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.  मग घरी, दाराशी म्हणाले, "त्याला सांगितलं होतं, तुझ्यासमोर सोडीन."

मला तेव्हा एकच कळत होतं. एका वर्षात या घरातून दुसरा माणूस जाऊ द्यायचा नाही.

चिकटपट्ट्या झाल्या, च्युइंगगम झालं. पट्टीने त्यांच्या दंडाला खाज सुटायची आणि च्युइंगगम कवळीला चिकटायचं. शेवटी मी इ-सिगारेटचं विचारलं. डॉक्टरबाईंनी मान हलवली. दोन्ही नसणं सगळ्यात चांगलं, म्हणाल्या, पण यांच्या वयाला सिगारेटपेक्षा ते बरं, आणि तेही थोडे दिवस.

दुकान हेगच्या बाजूला होतं. मालकीणबाई सुरिनामच्या हिंदुस्थानी होत्या, कपाळाला बारीक टिकली, बोलणं डच आणि त्यांच्या घरच्या जुन्या हिंदीत. एरवी गिऱ्हाइकाला तिथेच ओढून बघता येत असे, ते साथीमुळे बंद होतं. त्या कागदाच्या पट्टीवर थेंब टाकायच्या आणि काउंटरवरून लांब हात करून वास घ्यायला द्यायच्या.

पहिली पट्टी तंबाखूची होती. अप्पांनी नाक मुरडलं. "हे म्हणजे लग्नातला कोट कपाटातून काढल्यासारखं." दुसरी आंब्याची. "हा आंबा नाही. हा आंब्याचा फोटो आहे." मग केळं आलं, दालचिनी घातलेलं सफरचंद आलं, आणि मग कस्टर्ड. कस्टर्डच्या पट्टीला त्यांनी डोळे मिटले. मला त्यांचा चेहरा आठवतो, कारण थंडीतल्या त्या तेराव्यानंतर तो पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला.

मग एकदम डोळे उघडून त्यांनी आपल्या पुणेरी हिंदीत विचारलं, "इसमें अंडा तो नहीं है?"

बाई हसल्या नाहीत. "नहीं बाबा. अंडा नहीं, दूध नहीं. खाली बास है."

"वास अंड्याचा नाही ना?"

"बास मीठे का है।"

ते आम्ही घेतलं, आणि केळ्याचंही घेतलं. दुकानातून बाहेर पडताना अप्पा मला म्हणाले, "सिगारेट घेताना हे कधी विचारावं लागलं नव्हतं."

ते त्या यंत्राला पिपाणी म्हणायचे. आणि पिपाणीमुळे एक गंमत झाली. सिगारेट त्यांनी जन्मभर लपवली होती, पण ही मात्र गॅलरीत, माझ्यासमोर, खुर्चीत बसून ओढायला लागले. कस्टर्डचा वास येणारी वस्तू सुनेसमोर ओढायला काय हरकत, असं काहीसं असावं.  खाली कालव्याकाठी जाणं आता नुसतं फिरण्यापुरतं उरलं. खोकला लगेच गेला नाही, पण जिना चढून आल्यावरची धाप कमी झाली.

मग संकष्टी आली. अप्पा संकष्टीचा उपास कधी मोडत नसत, आणि सिगारेट त्या दिवशीही चालायची. सिगारेट म्हणजे धूर, धुराला काय उपास! पण त्या सकाळी ते पिपाणी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"अगं, कस्टर्ड उपासाला चालतं का?"

मला आधी वाटलं थट्टा करताहेत. "अप्पा, ती वाफ आहे."

"वाफ आहे, पण कशाची? चव लागते ना? धान्याचं पीठ असतं कस्टर्डमध्ये."

"यात नाहीये. बाईंनी सांगितलं ना."

"मग मी काय खातोय असं मला वाटतंय, ते देवाला कसं सांगू?" थोडा विचार करून म्हणाले, "केळं चालेल. केळं फळ आहे."

तेव्हापासून त्यांनी पिपाणीच्या दोन नळकांड्या केल्या. एक केळ्याची, उपासाची. दुसरी कस्टर्डची, एरवीची. दोन्ही वेगळ्या वाट्यांमध्ये, एकमेकींना लागू न देता. चंद्राचीही अडचण होती. इथे उन्हाळ्यात चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, तोवर कोण उपाशी राहील? म्हणून त्यांनी पुण्याचा चंद्र धरला. पुण्याहून त्यांची धाकटी बहीण, माझ्या नवऱ्याची आत्या, फोन करायची, "दादा, उगवला रे." आमच्याकडे तेव्हा लख्ख ऊन असायचं, आणि अप्पा त्या उन्हात आग्नेयेकडे हात जोडायचे. मी ताट वाढायची.

त्या ताटात गोड कधी नसायचं. वर्षाच्या आत घरात गोडधोड करायचं नाही, सण करायचा नाही, हे आत्याबाईंनी बजावलं होतं आणि आम्हाला दोघांनाही ते जड गेलं नव्हतं. माझी तर चवच गेली होती. साथीचा तो आजार मला झाला नव्हता, वास सगळे येत होते. पण घास तोंडात घेतला की तो कशाचा आहे याच्याशी माझं काही देणंघेणं नसायचं. सकाळी उठून कॉम्प्युटर लावायचा, कंपनीची माहितीपत्रकं तपासायची, दुपारी भात, संध्याकाळी उरलेला भात. माझे कपडे सैल झाले होते. अप्पा बघायचे.

एका दुपारी ते फिरायला गेले असताना मी गॅलरीतले कपडे काढायला गेले. पिपाणी खुर्चीवर होती, आणि टॉवेलांना कस्टर्डचा वास लागला होता. मी सिगारेटला आयुष्यात हात लावलेला नाही. कॉलेजात मैत्रिणींनी एकदा देऊ केली तेव्हा वासानेच मला मळमळलं होतं. हिला तसा वास नव्हता. हिला लहानपणीच्या वाढदिवसाचा, वर डाळिंबाचे दाणे टाकलेल्या काचेच्या वाडग्यातल्या कस्टर्डचा वास होता. मी ती उचलली आणि ओढली.

ठसका लागला. पण जिभेवर काहीतरी राहिलं. गोड, पिवळं, दुधाळ. कितीतरी महिन्यांनी माझ्या जिभेला काहीतरी कळलं होतं.

मग मी अप्पांच्या फिरण्याची वाट बघायला लागले. पुढेपुढे तर तेच दुपारचं जेवण झालं, भात न करता.

पुढच्या संकष्टीला ते पावसामुळे अर्ध्यातून परतले. मी किल्लीचा आवाज ऐकून पिपाणी खुर्चीवर ठेवली आणि कपड्यांना हात लावला. अप्पा गॅलरीच्या दाराशी येऊन थांबले. सकाळपासून त्यांनी फक्त केळं ओढलं होतं. हवेत कस्टर्ड होतं. केळ्याची नळकांडी वाटीत होती, आणि पिपाणीला दुसरी लावलेली.

मी ओशाळून उभी राहिले. वाटलं, आता म्हणतील, हे तुला शोभत नाही.

ते म्हणाले, "भूक लागली होती का?"

 मी होकारार्थी मान हलवली. अप्पांनी ओला कोट काढून खुंटीला लावला आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. ते कधी चहासुद्धा करत नसत. मी आतून डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज ऐकत होते. मग त्यांनी फोन भिंतीला टेकवून बहिणीला लावला.

"शिऱ्याला रवा किती भाजायचा?"

"दादा? शिरा कोण करतंय?"

"मी."

"अरे, वर्ष झालं नाहीये अजून! गोड करायचं नाही म्हटलंय ना."

"तू फक्त पाणी किती ते सांग."

"पण लोक..."

"लोक इथे दीड मीटर लांब उभे राहतात. त्यांना वास जात नाही. पाणी सांग."

 मग आत्याबाई म्हणाल्या, "दुप्पट. आणि रवा तुपात गुलाबी होऊ दे, घाई करू नकोस. तुला सगळ्याची घाई असते. चंद्र तरी उगवू दे!"

"उगवला की सांग."

रवा थोडा करपला. केळं त्यांनी इतकं जाड चिरलं होतं की त्याचे तुकडे शिऱ्यात दगडांसारखे वर आले. चंद्र उगवल्याचा निरोप आला, अप्पांनी हात जोडले, आणि मग त्यांनी बशी माझ्यापुढे ठेवली. आधी माझ्यापुढे.

"वर्ष बिर्ष मी बघून घेतो," ते म्हणाले. "घरात मोठा मी आहे. तो आपला होता, त्याचं काय ते आपण ठरवू. तुझी जीभ अशी वाफेवर राहिलेली त्याला चालली नसती."

मी दोनदा घेतला. करपलेला भागही खाल्ला. अप्पा स्वतः कमी खात होते, माझ्याकडे बघत.

दुसऱ्या दिवशी ते त्याच दुकानात गेले. मी बरोबर होते. उरलेलं कस्टर्ड आणि केळं त्यांनी सकाळीच फेकून दिलं होतं. त्यांनी तंबाखूचं मागितलं, तेच, कोटाच्या वासाचं.

मालकीणबाई म्हणाल्या, "बाबा, सब लोग इससे मीठे पर जाते हैं. आप उलटे?"

"घर में बच्ची है," अप्पा म्हणाले. मी चाळिशी ओलांडलेली, त्यांच्या मागे उभी होते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग समजून मान हलवली. सरकार गोड वास बंद करायचं म्हणतंय, असं त्या सांगत होत्या. पोरं याच वासांनी नादाला लागतात म्हणे. पण, त्या म्हणाल्या, माझ्याकडे येणारे म्हातारे याच वासांनी सिगारेट सोडतात, त्यांचं काय करू?  अप्पांची सिगारेट कस्टर्डने सुटली हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मी कधीच काही ओढलं नसतं, ते कस्टर्डमुळेच ओढलं. एकाच बाटलीने.

मला भीती मात्र वेगळीच होती. ही कडू पिपाणी त्यांना आवडत नाही. आता हे परत खरी सिगारेट घेतील. ते फिरून आले की मी त्यांचा कोट खुंटीला लावताना वास घ्यायची. पावसाचा यायचा, लोकरीचा यायचा. ते गॅलरीत बसून पिपाणी ओढायचे आणि तोंड वाकडं करायचे. मी विचारायची, "कशी आहे?" ते म्हणायचे, "जाजम जाळल्यासारखी." मी आत माझी कामं करत बसायची. घरात आता दर दोनचार दिवसांनी काहीतरी गोड व्हायचं. कधी मी करायची, कधी ते, कधी नुसता पोळीबरोबर गूळ.

पानगळ सुरू झाली होती तेव्हा. एका सकाळी गॅलरी झाडायला गेले तर पिपाणी खुर्चीच्या पायाशी पडली होती. वर वाळकी पानं. मी बटण दाबून पाहिलं, दिवा लागेना. चार्जिंग कधीच संपलं होतं, आणि अप्पांनी मला चार्जर मागितला नव्हता. ते आत वर्तमानपत्र वाचत होते, चष्मा कपाळावर सरकवून, आणि खोकत नव्हते.

 मी पिपाणी उचलली, खालची जागा झाडली, आणि ती होती तिथेच परत ठेवली.