सुभेदारांना दिलेलं उत्तर

सुभेदार बाबाराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच वैतागलो होतो. हुडकेश्वरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांनी नेलेली माझी शिडी चार दिवस परत आली नव्हती. ते मुलीकडे कळमेश्वरला गेले होते आणि तिथेच, सकाळी चहा पिता पिता... माणूस गेला आणि मी मेला शिडीच्या हिशेबात! दीड महिना झाला, अजून स्वतःची लाज वाटते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो, हे त्यांनी फार मनावर घेतलं होतं. तरुणपणी ते आपल्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले होते. दोन सरकारांचा करार झाला आणि शेजाऱ्याच्या घरातलं भांडण मिटवायला आपलं सैन्य गेलं. त्यांचा जोडीदार, खापरखेड्याचा मधुकर, तिथे मारला गेला. बाबाराव दर दिवाळीला त्याच्या आईला भेटायला जात आणि ती दरवेळी विचारी, "माहा मधू कोणाच्या लढाईत गेला गा?" यांना सांगता येत नसे. मग तो प्रश्न माझ्या अंगणात येई. मी पुस्तक काढी : एका देशावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला, शेजाऱ्यांनी मिळून संरक्षण करायचं, वगैरे. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "सर, ज्यांले वाचवाले गेलो, त्यांनीच पयले हार घातले अन् मंग गोळ्या झाडल्या. हे कोणत्या धड्यात येते?" मी म्हणे, ते प्रकरण वेगळं, ती संयुक्त सेना नव्हती, उद्दिष्टं स्पष्ट नव्हती... माझी मास्तरकी सुरू झाली की ते हात वर करत. "तुमी विषय नोका बदलवू. आमचं जाणं बरोबर होतं का चूक, एवढंच सांगा." ते मी कधीच सांगितलं नाही. खरं म्हणजे मलाच ठाऊक नव्हतं. एखाद्या दिवशी वाटे, शेजारी आग लागली तर करारातली कलमं वाचत बसायचं का? दुसऱ्या दिवशी वाटे, बोलावलं एकानं आणि घर दुसऱ्याचं, तिथे बूट घालून शिरायला आपल्याला सांगितलं कोणी? डोक्याचा नुसता भुगा होई.

कळमेश्वरला जाण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा अर्ज मला तपासायला दिला होता. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला तेव्हा मी सक्करदरा चौकात, हॉर्नच्या गोंगाटात अडकलेलो. एवढंच ऐकू आलं, "...बरोबर होतं ना, सर?" मी ओरडलो, "हो, एकदम बरोबर! बिनधास्त राहा." "बरं झालं, सर," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मी अर्जाबद्दल बोलत होतो.

तेरवीला बाबारावांच्या पत्नी, सुमनवहिनी, माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुमच्या फोननंतर हे लय हलके झाले होते, सर. दुसऱ्याच दिवशी खापरखेड्याले जाऊन मधुकरच्या आईले सांगून आले. सरनं सांगतलं म्हणे, आपलं जाणं बरोबर होतं." वहिनींना काय सांगणार, की मला प्रश्नच ऐकू आला नव्हता? "म्हातारी म्हणते, त्या मास्तरले एकदा घेऊन या," त्या म्हणाल्या.

गेल्या रविवारी गेलो. सगळं खरं सांगून टाकायचं, असं वाटेत दहा वेळा घोकलं होतं. नव्वदीची बाई, बाजेवर बसलेली. तिनं मनगट धरून मला शेजारी बसवलं. "बाबाराव गेला. आता मी कोणाले विचारू? तू शिकलेला आहेस. माह्या पोराचं जाणं बरोबर होतं का गा?"

बाबारावांच्या उत्तरावर तिचा विश्वास बसला नव्हता, की तेच पुन्हा ऐकायचं होतं, कोण जाणे. घोकलेलं एकही वाक्य आठवेना. तिनं मनगट सोडलं नव्हतं.

"हो, माय," मी म्हणालो. या वेळी प्रश्न मला नीट ऐकू आला होता.