चढापुरते मोठे चक्र

कोणतीही वस्तू उघडून पाहिल्याखेरीज वापरायची नाही, हे व्रत राळेगाव तालुक्यात माझ्या थोरल्या साडूंइतके निष्ठेने कोणी पाळत नसेल. नवा पंखा घरात आला, पण उन्हाळाभर तो ताटात सुट्या भागांच्या रूपाने राहिला. मुलीच्या लग्नात जनरेटर बंद पडला, तेव्हा वधूपिता मांडवात नव्हते, जनरेटरखाली होते. जावई पाया पडायला तिथे गेला, तर "थांबा जी, हात काळे आहेत," एवढाच आशीर्वाद घेऊन परतला.

मागच्या वर्षी या छंदाला खरे काम लागले. कापसाची वेचणी सुरू करण्याआधी आमच्याकडे घरची बाई शेतात सीतादही करते. पहिल्या झाडांपाशी पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवते. ताईंचे, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंचे, गुडघे आता शेतापर्यंत चालू देत नव्हते. बैल विकलेले. मोटारसायकलवरून त्या पूर्वी पडल्या होत्या. "बसीन त तुमच्या सायकलवरच. नाहीतर सूनबाईले करू द्या," असे म्हणून त्या तांदूळ निवडू लागल्या. वाटेत नाल्यापलीकडे उभा चढ आहे. साडूंनी त्याच दिवशी गवत कापायच्या यंत्राचे इंजिन काढून सायकलवर चढवले.

पहिला प्रश्न क्लचचा. जुन्या मोपेडचा, हाताने सोडायचा क्लच लावला, तर सायकल अशी उसळली की कॅरिअरवरचे सोयाबीनचे पोते रस्त्यावर बसले.

"पोत्याच्या जागी ताई आहेत असे समजा," मी म्हणालो.

"समजलो म्हनूनच थांबलो, गुरुजी."

मग त्यांनी इंजिनाचा मूळचाच क्लच ठेवला. त्याचे काम सरळ असते. इंजिन जोरात फिरू लागले की आतले तुकडे बाहेर फेकले जाऊन भोवतीच्या वाटीला घट्ट धरतात. फिरणे मंदावले की आपोआप सोडतात. हिसका बसत नाही. मागे मात्र त्यांनी लहान दातेरी चक्र लावले, कारण त्याने सायकल सपाटीवर सुसाट जाते. चढावर इंजिन दमले, क्लच घसरू लागला आणि जळका वास सुटला. लहान चक्र वेग देते, मोठे चक्र ओढ देते. एकाच चक्राकडे दोन्ही मागता येत नाहीत. हे समजावण्यासाठी मी घसा साफ केला, तोच ताई ओट्यावरून म्हणाल्या, "मले कोनती गाडी पकडाची आहे? हळू न्याल त चालत नाही का?"

वेग सोडणे साडूंच्या जिवावर आले होते. दुसऱ्या दिवशी मागच्या चाकाला थाळीएवढे चक्र होते.

सीतादहीच्या सकाळी ते दोघे चढ चढले. मी बाजूने पायी होतो आणि मधूनमधून मलाच त्यांच्यासाठी थांबावे लागले. इंजिन एका लयीत चालले, क्लच थंड राहिला, ताईंच्या मांडीवरच्या भांड्यातले दही हलले नाही. पूजा त्यांच्याच हातून झाली.

परतताना मी पुढे निघालो. नाल्यापाशी मागचा आवाज ऐकू येईना म्हणून वळलो. साडू इंजिन बंद करून सायकल हाताने ढकलत येत होते. ताई मागे बसलेल्या.

"बिघडली का?"

"कायले बिघडन? तिले बोलाचं होतं. इंजिनात ऐकू नोतं येत."

मी पुन्हा पुढे झालो. पुढच्या वर्षापासून ही पूजा सुनेने करावी, असे ताई सांगत होत्या, एवढे कानी आले. साडू हो म्हणून मान हलवत होते आणि सायकल आणखी सावकाश ढकलत होते.