आबांची अट

धुळ्याला माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "त्यानं रगत माले नको."

'तो' म्हणजे त्यांचे चुलतभाऊ, आमचे नाना. सोसायटीच्या निवडणुकीत आबा एका मताने पडले होते, आणि ते मत नानांचंच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. रक्तगट मात्र दोघांचा एकच, आणि सहजी न मिळणारा.

सर्जन म्हणाले, एक यंत्र आहे. ऑपरेशनमध्ये सांडलेलं रक्त ते ओढून घेतं, धुतं आणि पेशंटलाच परत देतं. त्याच्या लोकार्पणाचा फोटो खाली लावला होता. त्यात मंत्री पूर्ण दिसत होते आणि यंत्राचं एक चाक.

"म्हंजे मनंच रगत माले?" आबांनी विचारलं.

"शक्यतो. कमी पडलं तर बाहेरचं लागेल."

आबांनी पहिलाच शब्द ऐकला आणि सही केली. नाना धरणगावहून येऊन रक्त देऊन बसले होते, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

ऑपरेशन चालू असताना मला एका जागी बसवेना. कमी पडलं तर? आणि नानांचं चढवून ते वाचले, तर ते त्यांना सांगणार कोण? मी जिना चढत होतो, उतरत होतो.

"बस ना रे," नाना बाकावरून म्हणाले. "तू चालना म्हनीसन आपरेशन लवकर व्हई का?"

शेवटी सर्जन बाहेर आले. सगळं नीट झालं होतं. बाहेरची एकही पिशवी लागली नव्हती. मी मटकन बसलो. नाना उठले.

"मंग मनं रगत कोठे गयं?"

"ब्लड बँकेत आहे. दुसऱ्या पेशंटला देऊ."

"मी काय इतला दूर दुसरासाठे उनू का?"

चांगल्या बातमीने इतका अपमान झालेला माणूस मी तरी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आबांच्या घशातली नळी काढली. "कोनं रगत चढावं?" त्यांनी लगेच विचारलं.

"बठ्ठं, थेंब न थेंब तुमनंच, आबा."

"तो उंथा का?" नाना आले होते का, हे त्यांनी नाव न घेता विचारलं.

"भायेर बसेल शे. रगत बी दिधं त्यानी. लागनं नई."

मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडा चढला, तशी मी नर्सकडे पाहिलं.

"बलाव त्याले," आबा म्हणाले.

मी बाहेर येऊन नानांना निरोप दिला. ते उठले आणि पुन्हा बसले.

"त्यानी सांगं, का तूच सांगस?"

"त्यास्नीच."

तेव्हा कुठे त्यांनी दाराशी जाऊन चपला काढल्या.