उलार झालेली जीप

नागपूरला सक्करदऱ्याच्या तलावाजवळच्या गॅरेजमधून आमची जीप निघाली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. जानेवारीची थंडी होती. तलावावर धुकं होतं आणि धुण्याच्या दगडावर अजून कोणी आलं नव्हतं. जीपची चाकं नवी होती. नवी म्हणजे आम्हाला नवी. लष्कराच्या लिलावातून आलेल्या मोठ्या गाडीचे ते टायर होते, आणि आमच्या जुन्या जीपला ते मोठ्या भावाच्या चपला घातल्यासारखे दिसत होते. पण मला ते फार आवडले होते. ते बसवा असं मीच सुचवलं होतं.

मी तेव्हा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा काटोलकडे बंडी (बैलगाडी) हाकतात. संत्र्याच्या हंगामात बागांतून स्टेशनपर्यंत माल नेतात. त्यामुळे कॉलेजात कोणी माझं मत विचारलं की मला आधी मागे वळून पाहावंसं वाटे, दुसऱ्या कोणाला तर विचारत नाहीत ना. धरमपेठेतल्या एक डॉक्टरबाई दरवर्षी जंगलातल्या एखाद्या गावात मोतीबिंदूचं शिबिर घेत. आमचं विद्यार्थी पथक त्यांना मदत करी. आदल्या वर्षी देवलापारच्या पुढे सालईटोला नावाच्या गावी जाताना त्यांची जीप नाल्याच्या रेतीत रुतली ती दुसऱ्या दिवशी निघाली. शिबिर झालंच नाही. दोन दिवस शाळेच्या ओसरीवर बसून राहिलेली म्हातारी माणसं एकमेकांचा हात धरून घरी गेली.

"यंदाही पोचलो नाही तर ते लोक पुन्हा येणार नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "आणि मोतीबिंदू काही आपल्यासाठी थांबत नाही. सांग, काय करायचं जीपला?"

मला विचारलं होतं. मी बंडीचाच विचार केला. बंडीचं चाक मोठं असतं, म्हणून ती चिखलातून, खाचेतून निघते. तर जीपलाही मोठी चाकं लावू. शिवाय जनरेटर, लोखंडी टेबल, पेट्रोलचे दोन डबे असं सामान मावावं म्हणून मी जीपच्या मागे लोखंडी पट्ट्यांची एक फळी जोडून घेतली. फळीचं चित्र मी स्वतः काढलं होतं. जनरेटर त्या फळीवर असा नीट बसला की मला कोणाला तरी दाखवावंसं वाटलं.

गाडीत डॉक्टरबाई आणि मी, आणि चालवायला उस्मानचाचा होते. फौजेत ड्रायव्हर होते, आता साठीला आलेले. त्यांनी चाकांकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि पानाची पिंक टाकून म्हणाले, "इंजिनियर, गाडी बनवली का हत्ती?"

"चाचा, उंची वाढली ना. आता दगड खाली घासणार नाही."

"तेही खरं हाये गा," एवढंच म्हणून ते बसले.

कामठीच्या पुढे रस्ता मोकळा झाला. जीप एरवीपेक्षा उशिरा वेग घेत होती, पण एकदा घेतला की छान पळत होती. पहिला आणि दुसरा गिअर चाचा जास्त वेळ ठेवत होते, हे माझ्या लक्षात आलं. विचारायचा धीर झाला नाही. मनसरला आम्ही पोहे खाल्ले. वरून हरभऱ्याची झणझणीत तर्री. डॉक्टरबाईंनी दोन प्लेटी खाल्ल्या आणि म्हणाल्या, "उद्या हात स्थिर राहिला पाहिजे, पोट भरलेलं हवं." उजवीकडे रामटेकची टेकडी उन्हात आली होती. टपरीवाल्याने जीपभोवती एक फेरी मारली.

"कोठी चालला?"

"सालईटोल्याले," चाचा म्हणाले.

"मंग बरोबर हाये. तिथं हत्तीच लागते."

चाचांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. मला फार बरं वाटलं.

देवलापारच्या पुढे सात मैलांवर डावीकडे कच्चा रस्ता लागेल, अशी खूण आमच्याजवळ लिहिलेली होती. चाचा इकडे पहिल्यांदाच येत होते, आणि डॉक्टरबाई आदल्या वर्षी अंधारात आल्या होत्या. जीपचा मीटर मैलांचा होता. मी त्यावर डोळा ठेवून बसलो. सात मैल झाले तेव्हा डावीकडे रस्ता नव्हता, नुसता सागाचा पाला होता. पुढे गेलो. एका गुराख्याने सांगितलं की वळण मागेच राहिलं. परत फिरलो, आणि वाटेत मला ते कळलं. चाक मोठं झालं, म्हणजे एका फेऱ्यात ते जास्त रस्ता कापतं. मीटर मात्र जुन्या चाकाच्याच हिशेबाने फेरे मोजतो. तो नऊ मैल म्हणे तेव्हा आम्ही दहा आलेले असायचो. मी हे डॉक्टरबाईंना सांगितलं. माझे कान तापले होते.

"म्हणजे आपण मीटरपेक्षा पुढे आहोत," त्या म्हणाल्या. "वाईट काय त्यात? चला."

पण खरी गोष्ट अजून व्हायची होती. कच्च्या रस्त्याने आठेक मैल गेल्यावर एक चढ लागतो. त्याला तिथले लोक घाटी म्हणतात. फार उंच नाही, पण मुरमाड, आणि मध्यावर उजवीकडे एकदम वळणारी. डावीकडे खोल घळ. चाचांनी दुसरा गिअर टाकला, पहिला टाकला. इंजिन धापा टाकून बंद पडलं. ब्रेक दाबला तरी जीप हातभर मागे सरकली. मी उडी मारून चाकामागे दगड लावला. मग चाचांनी छोटा दांडा ओढून चारही चाकांचा सगळ्यात जड गिअर लावला. आता जीप गुरगुरत चढू लागली. वळण आलं. चाचांनी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं, पुढची चाकं वळलेली मला दिसली, आणि जीप मात्र सरळ घळीकडे जात राहिली.

चाचांनी गाडी थांबवली. पुढचं डावं चाक कडेपासून वीतभर होतं. डॉक्टरबाई औजारांची पेटी मांडीवर घेऊन शांतपणे उतरल्या.

तिथे, वळणाच्या वर, एक बंडी उभी होती आणि सावलीत एक माणूस बसला होता. तो उठून खाली आला. पन्नाशीचा असेल. डोक्याला पंचा.

"डागदरबाई हायेत का?" त्याने विचारलं. "मी सोमाजी उईके. सकाळपासून वाट पाहून राहिलो. माय येत नाही म्हणते. म्हणते, मागल्या साली दोन दिवस बसवलं, आता नाही जात. मी तिले कबूल केलं, डागदरबाईले मी स्वतः घेऊन येतो. नाही आणलं तर ती पुन्हा माझं ऐकणार नाही."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आम्ही आलो आहोत सोमाजी. ही गाडीच येत नाही."

सोमाजी जीपभोवती फिरले. मग जे त्यांनी केलं ते मी कधी विसरणार नाही. ते जीपसमोर गेले, पुढच्या बंपरखाली दोन्ही हात घातले आणि वर झोक दिला. जीप स्प्रिंगांवर सहज हलली. त्यांनी मागे येऊन फळीवरच्या जनरेटरवर थाप मारली.

"काहून गा चाचा, गाडी तर उलार हाये!"

उलार (मागे भार जास्त झाल्याने पुढून उचललेली). हा शब्द मी चालायला लागल्यापासून ऐकत आलो होतो. बंडी भरताना बाबा दर चार टोपल्यांनंतर जू हाताने उचलून बघत. मागे भार झाला तर जू बैलांच्या गळ्याला वर ओढतं आणि ते चालत नाहीत. पुढे झाला तर मानेवर बसतं. बाबा मला टोपली हातात घेऊन उभं करत आणि म्हणत, थांब, आधी बघू दे. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं. आणि नागपूरला येऊन, कागदावर सुबक चित्र काढून, जीप उलार केली होती. पुढची चाकं जमीन धरतच नव्हती, मग ती वळणार कशी.

मी सोमाजींना म्हणालो, "दादा, चूक माझी आहे. फळी मी लावली. माझे बाबाही बंडीच हाकतात."

मला वाटलं, आता रागावतील. त्यांना हक्क होता.

"बाप बंडीवाला अन् पोरगा उलार भरते!" ते हसत सुटले. "बापाले सांगू नको गा. जेवू नाही देणार."

उस्मानचाचाही हसले. मग म्हणाले, "अन् चाकाचं सांगू का, इंजिनियर? बंडी बैल ओढते, तिचं चाक मागं मागं येते. जीपचं चाक इंजिनले आतून फिरवा लागते. चाक जेवढं मोठं, तेवढं इंजिनले जड. कामठीपासून समजून राहिलं होतं मले."

"मग बोलला का नाहीत, चाचा?"

"तू एवढा खूश होता. म्हटलं, चालते तोवर चालू दे."

मला रडू आलं की हसू, ते आठवत नाही. आम्ही कामाला लागलो. चौघांनी मिळून जनरेटर उतरवला. मीही एक कोपरा धरला आणि डॉक्टरबाईंनीसुद्धा पदर खोचून एक धरला. तो सोमाजींच्या बंडीत गेला. बंडीत तो कुठे ठेवायचा हे सोमाजींनी जू तीनदा उचलून ठरवलं. लोखंडी टेबल पुढच्या सीटच्या पाठीला टेकवलं. पेट्रोलचे डबे चाचांच्या पायाशेजारी आले. तरी चाचांनी बंपरवर पाय ठेवून दाबून पाहिलं आणि मला म्हणाले, "अजून थोडं हलकं हाये. बस तिथं."

"कुठे?"

"बंपरवर. आता तूच वजन."

अशा रीतीने मी घाटी चढलो. बंपरवर बसून, बॉनेटला दोन्ही हातांनी धरून, तोंड जंगलाकडे. वळण आलं, चाक वळलं, आणि जीप त्याच्यामागे आज्ञाधारक बैलासारखी वळली. माझी पँट मागून चांगलीच तापली. वर पोचल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "अभियांत्रिकीचा इतका थेट उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला."

पुढे तो नाला आला. पाणी नव्हतंच, कोरडी पांढरी रेती, शंभरेक पावलं रुंद. आदल्या वर्षीच्या चाकांचे खड्डे आता दिसत नव्हते, पण डॉक्टरबाईंनी जागा दाखवली. मी घाबरत घाबरत म्हणालो, "चाचा, टायरमधली हवा कमी केली तर? टायर पसरेल, रेतीत कमी रुतेल. पुस्तकात आहे."

"फौजेतही असंच करायचो," चाचा म्हणाले. "काढ."

काडीने व्हॉल्व्ह दाबून मी चारही चाकांतली हवा सोडली. ते मोठे टायर खाली पसरट झाले, भाकरी थापताना कड पसरते तसे. जीप हलकी झाली होती, चाकं रुंद झाली होती. चाचांनी एकदाही न थांबता, एकाच संथ गतीने गाडी नेली. रेती बाजूला होत गेली पण चाक आत गेलं नाही. पलीकडच्या काठावर मी नाचलोच. मोठ्या चाकांनी आपलं देणं तिथे दिलं. मग हातपंपाने चारही टायर पुन्हा भरताना त्यांनी ते वसूलही केलं. दुसऱ्या दिवशी मला हात वर करून केस विंचरता येत नव्हते.

सालईटोल्याला आम्ही उन्हं उतरताना पोचलो. शाळेच्या ओसरीवर अकरा माणसं बसली होती. जीपचा आवाज ऐकून ती सगळी उभी राहिली, आणि प्रत्येकाचं तोंड थोड्या वेगळ्या दिशेला होतं. सोमाजींची आई त्यांत नव्हती. तासाभराने बंडी आली. जनरेटर उतरला, आणि सोमाजी थेट घरी गेले. परत आले ते आईचा हात धरून. झुनकाबाई लहानखुऱ्या होत्या. त्यांनी डॉक्टरबाईंचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"आली का वं बाई? खरंच आली?"

"आले, आजी. उशीर झाला."

रात्रीचं जेवण सोमाजींच्या घरी झालं. ज्वारीची भाकर, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि आंबाडीची भाजी. वरणात मला दोन खडे लागले. मी ते गुपचूप गिळले. सोमाजींच्या बायकोने ते पाहिलं असावं. ती हळूच म्हणाली, "डाळ मायच निवडते. कोणाले हात लावू देत नाही. दिसत नाही, तरी निवडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी जनरेटर सुरू झाला आणि दुपारपर्यंत बारा शस्त्रक्रिया झाल्या. मी आणि चाचा नागपूरला परतलो. डॉक्टरबाई आणि आधीच एसटीने आलेल्या त्यांच्या सिस्टर पट्ट्या सुटेपर्यंत तिथेच राहिल्या.

दीड महिन्याने चष्मे घेऊन आम्ही पुन्हा गेलो. जीप मी स्वतः भरली, आणि दर डब्यानंतर पुढे जाऊन बंपर उचलून पाहिला. फळी काढून टाकली होती. घाटी चाचांनी गप्पा मारत चढवली. झुनकाबाईंनी जाड भिंगांचा चष्मा घातला, अंगणात आल्या आणि जीपसमोर थबकल्या.

"हेच का ते? एवढंसं?" त्या म्हणाल्या. "आवाजावरून मले वाटलं, डोंगर येऊन राहिला." मग माझ्याकडे वळल्या. "अन् वजन म्हणून बसला होता तो हाच का? याच्यात तर वजनच नाही!"

सगळे हसले. त्यांनी आम्हाला लगेच निघू दिलं नाही. सूप घेऊन उन्हात बसल्या आणि लाखोळीची डाळ निवडू लागल्या. आम्ही थांबलो. त्या एकेक दाणा चष्म्यासमोर नेत नव्हत्या, नुसती बोटं चालत होती, पण नजर सुपावरून हलली नाही. खडे त्या अंगणात टाकत आणि प्रत्येक खडा कुठे पडला ते बघत. मग डाळ एका फडक्यात बांधून त्यांनी माझ्या हातात दिली.

वाटेत डाळीचं फडकं माझ्या मांडीवर होतं. सोमाजी त्या दिवशी घाटीवर बसलेले नसते, तर मी खाली वही उघडून आकडेमोड करत राहिलो असतो, आणि वर गावात ही म्हातारी माणसं एकमेकांचा हात धरून पुन्हा घरी गेली असती. चाचा रागावले नाहीत, डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, सोमाजी तर हसले. माझ्या चुकीला इतक्या जणांनी हात लावून वर चढवलं. पुढे कधी नोकरी लागली, मोठी यंत्रं हाताखाली आली, तरी आधी उचलून बघायचं आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, एवढं मी स्वतःशी ठरवलं.

नागपूरला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. वसतिगृहाच्या खोलीत मी दिव्याखाली ताट ठेवलं, फडकं सोडलं आणि सगळी डाळ त्यात पसरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने पाहिली. एकही खडा नव्हता.