उल्काला उठू द्या

…न्हाई गं पोरी, तुझी वहिनी उल्का आधीपास्नंच वजनं उचलायची. लगीन होऊन वाघोलीत आली, तवा तिच्या बॅगांत साड्यांपेक्षा लोखंडी डंबेलंच जड. कॉलेजात पोरींना खेळ शिकवती ना ती. पोट दिसाय लागलं तशी तुझ्या आईनं डंबेलं पलंगाखाली सारली. मला म्हनली, "एवढीच हौस हाय तर हंडं वाहा म्हनावं."

हंडं तुझ्या ह्या आजीनं वाह्यलेत. विटांची पाटीबी, भरल्या पोटानं. कुनी दम घे म्हनलं न्हाई. ही दमानं उचलती, दमली की बसती. ते येगळं आन् हे येगळं.

उल्का भांडली न्हाई. मला रिक्षात घालून डॉक्टरीनबाईकडं घेऊन गेली. बाई म्हनल्या, सवय हाय तर हलकी वजनं चालतील. दम कोंडायचा न्हाई, उतानं झोपून करायचं न्हाई. चक्कर आली, रगत दिसलं, की थांबायचं आन् यायचं. यानं कंबर धरत न्हाई, साखर ताब्यात ऱ्हाती. बाळबी झ्याक वाढतंय म्हनल्या. मग डंबेलं पलंगाखालनं भाईर आली.

पन सातव्यात ओटी भरली आन् पयलं बाळंतपन म्हनून तिची आई, हेमाताई, तिला बिबवेवाडीला घेऊन गेली. तितं तांब्याबी उचलू देईनात. सारखं निजवून ठेवलंय. काल उल्काचा फोन आला. कंबर धरलीय, साखर चढलीय. डॉक्टरीननं सांगितलंय, चाल, व्यायाम चालू कर. पन आई ऐकंना. म्हनती, "तू सासरची ठेव हायस. काय कमीजास्त झालं तर तुझ्या सासूला तोंड कसं दावू?"

तर भ्या त्या बाईला आमचंच हाय. डॉक्टरीन कितीबी सांगू दे, सासरचा सबूद आल्याबिगर ती पोरीला उठू देनार न्हाई. तुझ्या आईला म्हनलं, एक फोन कर. ती भांडी घासत बसली. मी तरी किती बोलू. बसल्या जागी जीव दमतो. रस्त्याच्या एवढ्या गर्दीतनं बिबवेवाडीपातुर जायाचं माझ्यात बळ न्हाई. फोनवर हेमाताई नुसत्या रडत्यात. म्हनून तुला मोबाइलवर लिहायला लावते.

लिही, "हेमाताई, पोरगी तुमची, सून आमची. डॉक्टरीन म्हनती तसं तिला करू द्या. उद्या काय झालं तर तुमाला कुनी बोल लावनार न्हाई. घरात थोरली मी हाय, उल्काची आजेसासू, मी सांगते."

आत्ताच पाठव त्यांना. आन् वाचून झालं का, तेवढं इचार.