ताडपत्रीखालचा उजेड

नाशिकहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा पिशवीत पाच वस्तू होत्या: मोजपट्टी, वही, पाण्याची बाटली, आमच्या मुलींच्या अभ्यासिकेचा नकाशा आणि बॅटरी. बॅटरी मुद्दाम घेतली होती. अभ्यासिकेच्या भिंती डोक्याच्या वर चढल्या होत्या, छत अजून बाकी होतं आणि दक्षिणेला एकही खिडकी नव्हती. नकाशात उत्तरेला छताखाली एक लांब फट, एवढंच. मुलींचे डोळे जातील, असं मला वाटत होतं. दक्षिणेची भिंत फोडून खिडक्या काढायचा ठराव मीच लिहिला होता. सोमवारी तो समितीपुढे होता. त्याआधी शिरपूरजवळच्या एका गावात त्याने असंच आखलेलं वाचनालय मी पाहून यावं, एवढंच आमच्या वास्तुविशारदाने मागितलं होतं.

धुळ्याला शेवभाजीने जीभ पोळली, नरडाण्याजवळ टायर पंक्चर झाला. गावात पोचले तेव्हा रस्ता उन्हाने पांढरा पडला होता. वाचनालय बांधणारे गवंडी नाना आता तेच सांभाळतात. माझी बॅटरी पाहून म्हणाले, "ताई, चोर धराले उनात का?" (धरायला आलात का?)

मी आत पाऊल टाकलं. ऊन कुठेच नव्हतं आणि उजेड सगळीकडे होता. उत्तरेच्या तशाच फटीतून येऊन तो तिरप्या पांढऱ्या छतावर पडत होता आणि चाळणीतून पीठ पडावं तसा सावकाश खाली येत होता. सात-आठ जण वाचत होते. मी वही उघडली. पेनाची सावली कागदावर पडेना. वीज सकाळीच गेली होती, हे मला निघताना कळलं.

बांधकामाच्या वेळी खिडक्यांसाठी नानाही वास्तुविशारदाशी भांडले होते, असं त्यांनी सांगितलं. मग दोघांनी स्लॅबआधी भिंतींवर ताडपत्री बांधली, खाली गावातले वाचणारे बसवले आणि दिवसभर एकेक बाजू उचलून पाहिली. अक्षर कुठे टोचतं, कुठे बुडतं ते म्हाताऱ्या अक्का सांगत. नाना खडूने खूण करत. फटीची उंची त्या खुणांवरून ठरली.

त्याच अक्का कोपऱ्यात वाचत बसल्या होत्या. डोळ्यांना त्रास होतो का, असं मी वाकून विचारलं. मान वर न करता म्हणाल्या, "आठे माले बारीक अक्षरबी दिसस. तू फक्त बाजूले सरक." (इथे मला बारीक अक्षरही दिसतं.)

मी सरकले.

परतल्यावर नवी यादी केली: ताडपत्री, बांबू, सुतळी, खडू. सोमवारची बैठक बिनछताच्या अभ्यासिकेतच भरवली, वर ताडपत्री बांधून आणि तिची फक्त उत्तरेची बाजू उचलून. अध्यक्षांनी माझा ठराव वाचायला घेतला. 'येथे वाचण्यापुरता उजेड मिळणार नाही' हे वाक्य त्यांनी न अडखळता पूर्ण वाचलं. मग वर पाहिलं आणि कागद माझ्या हातात परत दिला.