मामांची उजवी पानथरी

आमच्या थोरल्या मामांचं कधी काय कुठं असेल, हे अख्ख्या कोल्हारात कुणी छातीठोकपणे सांगू शकत नसे. खुद्द मामा तर नाहीच. बेलापूरच्या बाजाराला निघालेले मामा राहात्याला उतरत आणि चूक एसटीची आहे अशा चेहऱ्यानं तिथलाच बाजार करून घरी येत. लग्नात पोटभर जेवून, आहेर करून, फोटोत उभं राहून झाल्यावर हळूच विचारत, "नवरा कुनाचा म्हनायचा?"

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास त्यांना हिवतापानं धरलं. ताप हटेना आणि उजव्या बरगडीखाली टणक गाठ हाताला लागू लागली. मी नगरला कारकुनी करत होतो, म्हणून मामा-मामी माझ्याकडे आले. दवाखान्यात मी केसपेपरच्या रांगेत उभा असताना डॉक्टरांनी मामांचं पोट दाबून विचारलं, "घेता का?"

"घेतो की. सकाळी दोन, दुपारी एक. पाव्हनं आलं तर मोजदाद न्हाई."

मामा चहाबद्दल बोलत होते. डॉक्टरांनी मामींना आत बोलावून सांगितलं, दारूनं यकृत सुजलंय, पोट उघडून पाहावं लागेल. मामी रडल्या नाहीत. "म्हंजे राहात्याला उतरायचं ते यासाठी व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी अबोला धरला. मामांनी परोपरीनं चहाचं सांगितलं, पण डॉक्टरपुढं त्यांचं कोण ऐकतं?

ऑपरेशनआधी एक्स-रे काढला, तर हृदय उजवीकडे! डॉक्टरांनी फिल्म उलटी फिरवली. मग डावं-उजवं कळावं म्हणून कोपऱ्यात टाकलेलं अक्षर उलटं झालं. पुन्हा काढली, पुन्हा तेच. "सायेब, फोटू कशाला फिरवता? मलाच फिरवा," मामा म्हणाले. डॉक्टरांनी नळी उजव्या छातीला लावली, तर ठोके तिथंच. नळी गळ्यात अडकवून म्हणाले, "ऑपरेशन राहू द्या. मुंबईला जा."

मी दोघांना मुंबईला घेऊन गेलो. तिथं सुईतून कसलंसं किरणांचं औषध देऊन मामांना निजवलं. एक यंत्र टकटक करत त्यांच्या पोटावरून सरकत होतं आणि कागदावर ठिपके उमटवत होतं. तिथल्या डॉक्टरांनी ते ठिपके दाखवत सांगितलं, "यकृत डावीकडे आहे, ठणठणीत. ही गाठ म्हणजे पानथरी, म्हणजे प्लीहा, हिवतापानं सुजलेली. सगळ्यांची डावीकडे असते. यांचं जन्मापासून सगळंच उलट. शिवाय शेजारी दोन छोट्या जादा पानथऱ्याही आहेत."

"एक मागितली न्हवती, तर तीन!" मामा चक्रावले.

"दारूनं न्हाई ना?" मामींनी विचारलं.

"दारूचा काय संबंध?" आता डॉक्टर गोंधळले.

पोट उघडावं लागलं नाही. औषधानं गाठ उतरली. मामा त्यानंतर पुष्कळ जगले. आता ते नाहीत, पण तो परतीचा प्रवास मला आठवतो. एसटीत मामांचा डोळा लागला होता. मामींनी पदराआडून त्यांच्या छातीवर हात ठेवला, सवयीनं डावीकडे. मग अडखळत उजवीकडे सरकवला.

"लागलं का?" मामांनी डोळे न उघडता विचारलं.

"लागलं," मामी म्हणाल्या. "हितं हाय."

कोल्हार येईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.